चार गुंठ्यांची बाग

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात पूर्व ५३व्या रस्त्यावर, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूजवळ, पेली पार्क नावाची एक बाग आहे. तिची रुंदी ४२ फूट आणि खोली १०० फूट, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४,२०० चौरस फूट. आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर चार गुंठ्यांनाही थोडे कमीच. पुण्या-मुंबईत एवढ्या भूखंडावर एखादी सोसायटीची इमारत उभी राहते आणि वाहनतळासाठी जागा कमी पडते म्हणून रहिवासी वर्षानुवर्षे भांडतात. या जागी पूर्वी स्टॉर्क क्लब नावाचा गाजलेला नाइट क्लब होता. सीबीएस या प्रसारण कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी ती जागा घेऊन आपले वडील सॅम्युएल यांच्या स्मरणार्थ २३ मे १९६७ रोजी तिथे बाग खुली केली. जागेची मालकी आणि देखभाल खासगी संस्थेकडे आहे, पण आत येण्यासाठी तिकीट नाही आणि कोणी काही विचारत नाही. जगभरातील नगररचनाकार आजही ही बाग पाहायला जातात, कारण अतिलहान सार्वजनिक बाग कशी चालते, याचे उत्तर तिथे एका नजरेत मावते.

अशा बागेला इंग्रजी मुलखात ‘पॉकेट पार्क’ किंवा ‘व्हेस्ट-पॉकेट पार्क’ म्हणतात. म्हणजे जाकिटाच्या खिशात मावेल एवढी बाग. तिची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही, मात्र सर्वसाधारणपणे पाव एकर, म्हणजे दहा गुंठे, किंवा त्याहून लहान जागेसाठी हा शब्द वापरला जातो. खालची मर्यादा कोणी घातलेली नाही, त्यामुळे गमतीदार स्पर्धाही चालते. अमेरिकेतील पोर्टलँड शहरात रस्त्याच्या मधोमध दोन फूट व्यासाचे एक वर्तुळ ‘मिल एंड्स पार्क’ म्हणून ओळखले जाते आणि अनेक दशके जगातील सर्वांत लहान उद्यानाचा मान त्याच्याकडे होता. २०२५ मध्ये तो मान जपानमधील नागाइझुमी गावातल्या ०.२४ चौरस मीटरच्या उद्यानाकडे गेला. या दोन्ही ठिकाणी फार तर एक माणूस बसेल. आपला विषय त्याहून मोठ्या, म्हणजे वीस-पन्नास माणसे एका वेळी टेकू शकतील अशा जागांचा आहे.

लहान बागेची कल्पना पेली पार्कमध्ये जन्मली असे मात्र नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने टोकियोचा मोठा भाग बेचिराख झाला. शहर पुन्हा उभारताना तिथे ५२ लहान उद्याने आखली गेली आणि ती प्राथमिक शाळांना लागून ठेवली गेली. त्यामागचा हिशेब सरळ होता: एरवी मुलांना खेळायला आणि शेजाऱ्यांना भेटायला जागा, आणि पुन्हा आग लागली तर लोकांना धावत येऊन उभे राहण्यासाठी मोकळे आवार. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुविशारदाने महापालिकेच्या नोकरीत असताना १९४७ साली बर्टेलमानप्लाइन या चौकात पहिले छोटे क्रीडांगण केले: रुंद काठाचा वाळूचा हौद, कोलांट्या मारण्यासाठी वाकवलेल्या नळ्या, काही झाडे, काही बाक. ते पाहून इतर वस्त्यांमधील रहिवासी ‘आमच्याकडेही एक करा’ अशी पत्रे पालिकेला लिहू लागले. पुढच्या तीन दशकांत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली, त्यांतील कित्येक पडलेल्या घरांच्या रिकाम्या भूखंडांवर होती. त्यांपैकी बहुतेकांना कुंपण नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

न्यूयॉर्कमध्ये त्या काळी मोठ्या उद्यानांचीच प्रतिष्ठा होती. लहान तुकडा सांभाळायला महाग आणि दिसायला क्षुल्लक, असे मानले जाई. १९६३ मध्ये रॉबर्ट झायन या भूदृश्य-रचनाकाराने एका प्रदर्शनात उलट मांडणी केली: दोन उंच इमारतींच्या मधला ५० बाय १०० फुटांचा एक प्लॉट पुरेसा आहे, फक्त त्याकडे बागेऐवजी खोली म्हणून पाहा. दोन बाजूंच्या भिंती तयारच आहेत, जमीन आहे, आणि झाडांच्या फांद्या हे छत आहे. चार वर्षांनी पेली पार्क झायनच्याच कार्यालयाने रेखाटले. मला या साऱ्या विषयाची किल्ली याच एका विचारात दिसते. आपल्याकडे लहान बाग करताना मोठ्या बागेचे सामान कमी मापात आणून बसवले जाते: हातभर हिरवळ, तिच्याभोवती चालण्याची फरसबंदी, एक घसरगुंडी, एक कारंजे, एखादा पुतळा आणि सभोवती लोखंडी कुंपण. हे सगळे बसवल्यावर माणसाला बसायला जागा उरत नाही.

पेली पार्कमध्ये हिरवळ नाहीच. फरशी दगडी आहे, कारण रोज शेकडो पाय पडणाऱ्या चार गुंठ्यांत गवत टिकत नाही आणि टिकवायचे ठरवले तर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी लावावी लागते. झाडे हनी लोकस्ट जातीची आहेत. त्यांची पाने बारीक असल्याने सावली गर्द न पडता उन्हाचे कवडसे खाली उतरतात. ती एकमेकांपासून सुमारे बारा फुटांवर लावलेली असून त्यांची खोडे सरळ वर जातात आणि पसारा डोक्याच्या वर होतो, त्यामुळे बागेत शिरलेल्या माणसाला आरपार दिसते आणि रस्त्यावरच्या माणसाला आतले दिसते. बाजूच्या भिंतींवर आयव्हीची वेल चढवलेली आहे, म्हणजे जमिनीचा एक इंचही न अडवता हिरवा रंग मिळाला.

मागच्या भिंतीवरून वीस फूट उंचीचा, पूर्ण रुंदीचा पाण्याचा पडदा कोसळतो आणि मिनिटाला सुमारे १,८०० गॅलन, म्हणजे ६,८०० लिटरच्या आसपास पाणी तिथे फिरत राहते. हे पाणी शोभेपुरते नाही. मॅनहॅटनच्या मध्यवर्ती रस्त्यावर भोंगे, बस आणि बांधकाम यांचा गोंगाट थांबवणे शक्य नाही. पण कानाला एकसुरी, अखंड आवाज जवळून मिळाला की दूरचे तुटक आवाज त्यात बुडून जातात. धबधब्याचा आवाज मोजला तर तोही मोठाच भरेल, तरी माणसाला तिथे शांत वाटते, आणि शेजारच्या टेबलावरचे बोलणेही ऐकू येत नसल्यामुळे गर्दीत बसूनही दोघांना आपापले बोलता येते.

त्याहून महत्त्वाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. बाग रस्त्यापासून चारच पायऱ्या वर आहे, तिच्या बाहेरच्या पदपथावरही झाडे आहेत, आणि त्यामुळे चालणारा माणूस कुठे संपला आणि बागेत आलेला कुठे सुरू झाला, हे नेमके सांगता येत नाही. दाराशी खाण्यापिण्याची छोटी टपरी आहे. खुर्च्या तारेच्या, हलक्या आणि सुट्या आहेत.

या सुट्या खुर्च्यांचे महत्त्व विल्यम व्हाइट या अभ्यासकाने दाखवून दिले. १९७० नंतरच्या काळात त्याने आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या चौकांवर आणि लहान बागांवर कॅमेरे रोखून, ठरावीक अंतराने चित्रे टिपून, माणसे नेमकी कुठे बसतात, किती वेळ बसतात आणि कुठून उठून जातात, याची मोजदाद केली. निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. सुट्या खुर्चीकडे आलेला माणूस बसण्यापूर्वी ती इंच-दोन इंच हलवतो, पुष्कळदा काही कारण नसताना. आणि मग बसतो. ती हलवणे म्हणजे जागेवर आपला हक्क सांगणे आहे, आणि शेजारच्याला ‘मी तुमच्या फार जवळ येत नाही’ असे न बोलता कळवणेही आहे. सिमेंटचा घट्ट बाक ही मुभा देत नाही. तीन अनोळखी माणसांपैकी दोघे टोकांना बसले की मधला भाग रिकामाच राहतो, हे आपण रोज एसटी स्टँडवर पाहतो.

व्हाइटला आधी वाटत होते की जागेचा आकार, आकृती किंवा ऊन यांवर गर्दी ठरत असावी. मोजणीत क्षेत्रफळ आणि वापर यांचा फारसा मेळ बसेना. मोठे, भव्य चौक ओस होते आणि काही चिमुकल्या जागा भरलेल्या होत्या. मेळ बसला तो बसण्याच्या जागेशी, म्हणजे किती फूट कठडा, पायरी, बाक आणि खुर्ची उपलब्ध आहे याच्याशी. हे वाचून कोणालाही हसू येईल, कारण यासाठी कॅमेरे लावण्याची गरज काय होती. पण तोपर्यंत शहराने हे गृहीत धरले नव्हते. न्यूयॉर्कच्या १९६१ च्या बांधकाम नियमांनुसार विकासकाने इमारतीपुढे एक चौरस फूट मोकळा चौक दिला की त्याला दहा चौरस फूट जादा बांधकाम मिळत असे. विकासकांनी चौक दिले, पण त्यांत बसायला काही ठेवले नाही, आणि जे कठडे होते त्यांवर काही ठिकाणी लोखंडी टोके ठोकली. १९७५ मध्ये नियम बदलले आणि दर तीस चौरस फूट मोकळ्या जागेमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची झाली. आपल्याकडे एफएसआयच्या, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामाच्या, बदल्यात मिळणाऱ्या खुल्या जागांच्या नियमावल्या वाचताना मला हे ‘तीसला एक’ नेहमी आठवते. आपले नियम क्षेत्रफळ, रुंदी आणि रस्त्यापासूनचे अंतर यांबद्दल बारकाईने बोलतात, पण बैठकीबद्दल फारसे बोलत नाहीत.

पेली पार्कच्या या साऱ्या गुणांची आपल्याला जुनी ओळख आहे, ती गावातल्या पारावरून. वडा-पिंपळाची सावली, कंबरेपेक्षा थोडा खाली असलेला चौथऱ्याचा काठ, कुंपणाचा अभाव, वाटेवरच असलेली जागा, आणि बहुधा समोर चहाचे दुकान. शहर वाढताना आपण बाग नावाची वेगळी वस्तू स्वीकारली आणि पाराला अतिक्रमणाच्या किंवा फार तर देवळाच्या सदरात टाकले. पारावर सर्वांना सारखी जागा होती असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. तिथे कोणी बसावे आणि कोणी दुरून जावे, हे जात आणि लिंग ठरवत असे. सार्वजनिक बागेची खरी नवलाई त्या नियमाला कागदावर तरी रद्द करण्यात आहे.

आता आकडेमोड पाहू, कारण लहान बागांबद्दलचे अर्धे वाद तिथे होतात. भारत सरकारच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेनुसार माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईत ती जेमतेम एक ते सव्वा चौरस मीटर असल्याचे सांगितले जाते आणि शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याने चार चौरस मीटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. या तुटीत चार गुंठ्यांच्या बागेने किती भर पडते? बागेपासून ३०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ हेक्टर भरते. २०११ च्या जनगणनेत मुंबईची घनता चौरस किलोमीटरला साधारण वीस हजार होती. त्या दराने या वर्तुळात साडेपाच हजारांहून अधिक माणसे राहतात. चारशे चौरस मीटर त्यांच्यात वाटले तर वाट्याला एक चौरस फूटही येत नाही. दोन पावले शेजारी ठेवून उभे राहता येणार नाही.

पण ही भागाकाराची पद्धतच लहान बागेला लागू पडत नाही, कारण साडेपाच हजार माणसे एका वेळी येत नाहीत. समजा त्या बागेत चाळीस खुर्च्या आहेत आणि सकाळी आठ ते रात्री आठ ती उघडी आहे. सरासरी अर्ध्या तासाने माणूस बदलला, तर दिवसभरात ९६० जणांना बसता येईल. प्रत्यक्षात दुपारी आणि भर पावसात काही खुर्च्या रिकाम्या राहतील म्हणून निम्मे धरले तरी पावणेपाचशे माणसांहून अधिक होतात. याचा अर्थ असा की लहान बागेचे मोल चौरस मीटरमध्ये नसून बैठका आणि उघडे राहण्याचे तास यांच्या गुणाकारात असते. आपल्या अनेक शहरांत दुपारी बागेला कुलूप लावण्याची पद्धत आहे. तसे चार-पाच तास कुलूप लावले की क्षेत्रफळ कागदावर तेवढेच राहते आणि हा गुणाकार तेहतीस ते बेचाळीस टक्क्यांनी घटतो. नेमके दुपारीच डिलिव्हरीची मुले, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले आणि घरी जागा नसलेले विद्यार्थी यांना सावली हवी असते.

पोहोच ही दुसरी जमेची बाजू. चार हेक्टरच्या एका उद्यानाऐवजी तेवढ्याच जमिनीवर चारशे चौरस मीटरच्या शंभर बागा विखुरल्या, तर पाच मिनिटांत चालत बागेपर्यंत पोहोचू शकणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढते. म्हाताऱ्या माणसाच्या आणि कडेवर मूल असलेल्या आईच्या दृष्टीने मोठा रस्ता ओलांडून जावे लागणारे उद्यान नसल्यातच जमा असते.

मग सगळी मोठी उद्याने कापून तुकडे करावेत का? अजिबात नाही, आणि इथे लहान बागांच्या पुरस्कर्त्यांनी थोडे सावध बोलले पाहिजे. चार गुंठ्यांत क्रिकेट होत नाही, धावता येत नाही, पक्ष्यांना घरट्यांसाठी निवांत जागा मिळत नाही आणि पावसाचे पाणी मुरवण्याची क्षमता फारच मर्यादित असते. गारव्याचेही तसेच आहे. झाडाची सावली डांबर तापू देत नाही आणि पानांतून बाहेर पडणारे पाणी वाफ होताना आसपासच्या हवेतील उष्णता घेते, त्यामुळे बागेच्या आत फरक नक्की जाणवतो. पण एवढ्या लहान तुकड्याचा गारवा भिंतीपलीकडे फार लांब जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी अशी शिफारस केली आहे, आणि चार गुंठे म्हणजे अर्ध्या हेक्टरचा बारावा भाग. त्यामुळे एखाद्या पालिकेने मैदानाचे आरक्षण उठवून ‘त्याबदल्यात पाच पॉकेट पार्क देऊ’ असे म्हटले, तर तो व्यवहार नागरिकांच्या तोट्याचा आहे.

याच जोडीला मियावाकी पद्धतीच्या दाट वनांचाही उल्लेख करायला हवा, कारण मुंबईसह अनेक शहरांत लहान भूखंडांवर ती लावली जात आहेत. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीत स्थानिक झाडे अगदी जवळजवळ लावतात आणि ती झपाट्याने वाढतात. झाडांसाठी ते चांगले असेल, पण त्या दाटीत माणूस शिरू शकत नाही. वस्तीतला एकमेव मोकळा तुकडा अशा वनाला दिला तर हिरवाईचा आकडा वाढतो आणि आजोबा रस्त्याच्या दुभाजकावरच बसतात.

आरोग्यावरील परिणामांबद्दल पुष्कळ ढोबळ विधाने केली जातात, पण एक प्रयोग खरोखर काटेकोर होता. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ५४१ ओसाड भूखंड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून घेतले: काहींवर कचरा काढून गवत, थोडी झाडे आणि ठेंगणे लाकडी कुंपण केले, काहींवरचा फक्त कचरा काढला, आणि काहींना हात लावला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हिरवळ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये स्वतःला उदास वाटत असल्याचे सांगण्याचे प्रमाण, हात न लावलेल्या भूखंडांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले. गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीच्या हिंसाचारातही २९ टक्के घट दिसली. नुसता कचरा काढल्याने उदासीत ठळक फरक पडला नाही. हे शहर वेगळे आणि तिथली माणसे वेगळी, त्यामुळे टक्केवारी उचलून धारावीला किंवा पुण्याच्या पेठांना लावता येणार नाही. तरी ठेंगण्या कुंपणाचा तपशील बोलका आहे. कचऱ्याची गाडी रिकामी होऊ नये एवढाच त्याचा उपयोग होता, माणसाला ते सहज ओलांडता येत होते.

कुंपणामागे भीती असते: गर्दुल्ले येतील, जोडपी बसतील, बेघर झोपतील. व्हाइटने या भीतीचाही पाठपुरावा केला आणि त्याला उलट आढळले की नको असलेल्यांना दूर ठेवण्यासाठी जागा जितकी गैरसोयीची करावी तितके बाकीचे लोक आधी निघून जातात, आणि मग ती जागा उरते ती नेमकी त्यांच्यासाठीच. टपरीवाला, माळी, वर्तमानपत्र वाचणारे चार निवृत्त गृहस्थ यांची नजर ही कुलपापेक्षा स्वस्त पडते. अर्थात माळ्याला पगार लागतो, आणि लहान बागेची दुखरी नस तिथे आहे. चार हेक्टरचे एक उद्यान आठ-दहा माणसे सांभाळतात. तेवढ्याच जमिनीच्या शंभर बागांना रोज झाडू लागायचा म्हटला तर निम्मा वेळ एका बागेतून दुसरीकडे जाण्यातच जातो. म्हणून पालिका संस्थांना बागा दत्तक देऊ पाहतात. मुंबईत २०१६ मध्ये असे धोरण महापालिकेने मंजूर केले आणि नागरिकांच्या विरोधानंतर ते थांबवावे लागले, कारण दत्तक घेणारा उद्या दारावर रखवालदार बसवेल ही शंका अनुभवातून आलेली होती. इमारतींच्या आवारातील ‘आरजी’ (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे मनोरंजनाची मोकळी जागा) म्हणून सोडलेल्या जागांचा तर प्रश्नच वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या मजल्यांवरील गच्चीवर, न ठेवता जमिनीवरच सोडल्या पाहिजेत असे स्पष्ट केले, पण त्या सोसायटीच्या फाटकाआड आहेत आणि सार्वजनिक नाहीत.

खासगी पैशावर चालूनही पेली पार्क खुले राहिले, याचे श्रेय देणगीदाराने स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र संस्था ठेवली, या व्यवस्थेला द्यावे लागते. पण जवळच ५१व्या रस्त्यावर, १९७१ मध्ये अ‍ॅबी रॉकफेलर मोझे यांनी दिलेल्या आणि हिदेओ सासाकी यांनी रेखाटलेल्या ग्रीनएकर पार्कला निधी असूनही २०१७ मध्ये वेगळीच लढाई करावी लागली. त्या परिसरात आणखी उंच इमारतींना परवानगी देणारा प्रस्ताव आला, आणि त्या उभ्या राहिल्या तर बागेवर पडणारे दुपारचे ऊन अडेल असे बागेच्या संस्थेच्या ध्यानात आले. ऊन बागेच्या मालकीचे नसते. चार गुंठ्यांची बाग आपली भिंत शेजारच्या इमारतीकडून, राखण रस्त्याकडून आणि प्रकाश समोरच्या छपरावरून उसना घेते. म्हणूनच पुनर्विकासात शेजारच्या चार मजल्यांचे चाळीस मजले होत असताना विकास आराखड्याच्या नकाशावर तो हिरवा चौकोन जसाच्या तसा दिसत राहिला, तरी त्यातल्या झाडांना दिवसाचे किती तास ऊन मिळणार आहे, हे नकाशावर कुठेही लिहिलेले नसते.